चार महिन्यांनंतरचा ससा

बाजारातून आणलेला ससा चार-पाच महिन्यांचा झाला की प्राणी-बचाव केंद्रात फोन येतो. तक्रार घरोघरची जवळपास सारखीच. आणला तेव्हा मुठीत मावत होता, तासन्‌तास मांडीवर झोपायचा. आता उचलायला गेलं की मागच्या पायांनी लाथा झाडतो, ओरबाडतो, चावतो. पायांभोवती गोल गोल धावतो, सोफ्यावर मुताची पिचकारी मारतो. मुलं त्याच्याजवळ जायला घाबरतात. तुम्ही येऊन घेऊन जाल का, आणि जमलं तर आजच?

पुण्याबाहेर, इमारती विरळ होऊन शेतं सुरू होतात तिथे असं एक केंद्र आहे. या वर्षी पावसाळाभर माझं तिथे जाणं-येणं होतं. पुढच्या अंगणात गाडीखाली सापडलेली कुत्री, एक म्हातारं गाढव, मांज्याने पंख कापलेल्या घारी. आणि मागच्या बाजूला, सावलीत, सशांची खोली. केंद्राचं नाव छापू नका अशी त्यांनी विनंती केली. नाव छापून आलं की चार दिवसांत फाटकाशी पुठ्ठ्याची खोकी ठेवलेली सापडतात, हा त्यांचा अनुभव. ही खोली सांभाळणाऱ्या बाईंना डॉक्टरांपासून झाडूवाल्या मावशींपर्यंत सगळे ताई म्हणतात, म्हणून मीही तेच म्हणते.

फोनवर ताईंचं पहिलं उत्तर ठरलेलं असतं: तुमचा ससा बिघडलेला नाही, वयात आलाय.

या एका वाक्यात सशांच्या सगळ्या हालांचं मूळ आहे. ससा साधारण चौथ्या ते सहाव्या महिन्यात वयात येतो. पायांभोवती घिरट्या घालणं हा त्याचा प्रणय आहे, पिचकारी मारणं ही मालकीची खूण, आणि पिंजऱ्यात हात घातल्यावर गुरगुरणारी मादी आपली बिळाची जागा राखत असते. बाजारात विकलं जाणारं पिल्लू बहुतेकदा महिना-सव्वा महिन्याचं असतं. खरं तर त्याने आठ आठवड्यांपर्यंत आईजवळ असायला हवं. पण दोन महिन्यांच्या सशापेक्षा एक महिन्याचा ससा गोंडस दिसतो आणि गोंडस दिसतो तोच खपतो. म्हणजे घेणाऱ्या माणसाने जे पाहून पैसे मोजले ते सशाचं जेमतेम तीन महिन्यांचं बालपण. नीट सांभाळलेला ससा आठ ते बारा वर्षं जगतो. तिसरीतल्या मुलीच्या वाढदिवसाला आणलेला ससा ती कॉलेजात जाईपर्यंत घरात असायचा असतो. हे आधी कुणी सांगितलेलं नसतं. दुकानदार तर मुळीच सांगत नाही.

दुसरी एक गोष्ट दुकानदार सांगतो ती बहुधा चुकीची असते. एकटा कंटाळेल म्हणून दोन न्या, दोन्ही माद्या आहेत. त्या वयात नर-मादी ओळखणं जाणत्या माणसालाही अवघड जातं. मादी सशाला ठरावीक काळाने येणारा माज नसतो. नराशी संग झाला की त्यानंतर बीज सुटतं. त्यामुळे गर्भ राहण्याची शक्यता जवळजवळ कायम. दिवस भरायला लागतात तीस ते बत्तीस. आणि व्यालेली मादी त्याच दिवशी पुन्हा गाभण राहू शकते. दोन खोल्यांच्या फ्लॅटमध्ये, गॅलरीतल्या पिंजऱ्यात, दोनाचे डझनभर कसे झाले हे त्या घरातल्यांना कळतच नाही. असे सगळे ससे एकदम केंद्रात येतात तेव्हा पहिलं काम असतं नर एकीकडे, माद्या एकीकडे करण्याचं. त्यातल्या बऱ्याच माद्या तोवर पुन्हा गाभण असतात.

हे ससे मुळात कुठले? मुंबईच्या क्रॉफर्ड मार्केटमध्ये, पुण्या-नाशिकच्या पाळीव प्राण्यांच्या दुकानांत जे पांढरे, लाल डोळ्यांचे ससे दिसतात ते बहुतेक न्यूझीलंड व्हाइट या जातीचे किंवा तिच्या संकराचे. नाव न्यूझीलंडचं असलं तरी ही जात अमेरिकेत, मांसासाठी आणि कातड्यासाठी तयार झाली. आपल्याकडे ससेपालन सुरू झालं ते याच जातींवर: न्यूझीलंड व्हाइट, सोव्हिएत चिंचिला, ग्रे जायंट, व्हाइट जायंट. प्रयोगशाळांतही हाच पांढरा ससा. १९४४ साली जॉन ड्रेझ या अमेरिकी शास्त्रज्ञाने सशाच्या उघड्या डोळ्यात रसायन घालून दाह मोजण्याची चाचणी बसवली, आणि पुढची कित्येक दशकं जगभरची सौंदर्यप्रसाधनं त्या डोळ्यांमधून गेली. ससा शांत, ससा ओरडत नाही, सशाचे डोळे मोठे. भारताने सौंदर्यप्रसाधनांसाठी प्राण्यांवर चाचण्या करायला २०१४ मध्ये बंदी घातली आणि त्याच वर्षी परदेशात अशा चाचण्या झालेल्या मालाच्या आयातीवरही. मला या बंदीचं मोल फार वाटतं. पण दुकानातल्या पिंजऱ्याच्या बाबतीत आपण अजून तिथवर पोचलेलो नाही.

या जातींचा मूळ पूर्वज युरोपातला, स्पेन-पोर्तुगालच्या बाजूचा, कळपाने बिळात राहणारा. आपल्या माळरानावर, उसाच्या कडेला, घाटातल्या रस्त्यावर गाडीच्या दिव्यात दिसतो तो रानससा वेगळा. तो बीळ करत नाही, गवतात दबून एकटा राहतो, आणि त्याचं पिल्लू जन्मतःच केसाळ आणि उघड्या डोळ्यांचं असतं. पाळीव सशाची पिल्लं मात्र उघडी, आंधळी जन्मतात. दोघांची जोडी जमत नाही, संकर होत नाही. रानससा वन्यजीव संरक्षण कायद्याखाली येतो. तो पकडून घरी ठेवणं गुन्हा आहे.

हा फरक इतका नेमका सांगायचं कारण म्हणजे सशाला ‘मुक्त’ करण्याची आपल्याकडची पद्धत. नको झालेला ससा लोक टेकडीवर, बागेत, कॉलेजच्या आवारात सोडून देतात. निसर्गात जाईल, गवत खाईल, आपल्या भाईबंदांत रमेल अशी समजूत असते. शेकडो पिढ्या पिंजऱ्यात वाढलेला, पांढराशुभ्र, दगडामातीत लपू न शकणारा तो प्राणी तिथे एखादी रात्र काढतो. घार, मुंगूस, रानमांजर आणि भटकी कुत्री यांच्या तावडीतून सुटलाच तर ऊन त्याला मारतं. सशाला घामाच्या ग्रंथी जवळजवळ नाहीत. अंगातली उष्णता बाहेर टाकायला त्याच्याकडे मुख्यतः कान आहेत. अठ्ठावीस-तीस अंशांच्या पुढे त्याला त्रास सुरू होतो. एप्रिलमधली आपली टेकडी काय असते हे सांगायला नको. टेकडीवर फिरायला जाणाऱ्या मंडळींपैकी कुणीतरी केंद्राला कळवतं, आणि ताईंची माणसं जाळी घेऊन पहाटे जातात. दरवेळी ससा सापडतोच असं नाही.

प्राण्याला असं उपाशी मरायला सोडून देणं हा १९६०च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्याच्या ११व्या कलमाखाली गुन्हा आहे. पहिल्या गुन्ह्याला दंड १० ते ५० रुपये. साठ वर्षांपूर्वी ही रक्कम मोठी असेल. आज ती सशाच्या एका वेळच्या गवताला पुरत नाही. हे बदललं पाहिजे, आणि ते बदलण्याची मागणी करणाऱ्यांच्या बाजूने मी उभी आहे.

सशांच्या खोलीत पिंजरे नाहीत. कमरेइतक्या उंच जाळीच्या कुंपणांनी जागा वाटलेली आहे, खाली जुन्या सतरंज्या आणि गोधड्या अंथरलेल्या, कोपऱ्यात गवताने भरलेलं उथळ घमेलं. आत गेलं की पहिल्यांदा वास येतो तो वाळलेल्या गवताचा. गोधड्या का, तर सशाच्या तळव्यांना कुत्र्या-मांजरासारखी गादी नसते, नुसती लव असते. तारेच्या जाळीवर महिनोन्‌महिने बसून राहिलं की ती लव झिजते, कातडी फाटते, जखमा हाडापर्यंत जातात. गुळगुळीत फरशीवर ससा घसरतो आणि घाबरून हलायचंच बंद करतो. फोन करणाऱ्यांना ‘शांत झाला’ वाटणारे कितीतरी ससे प्रत्यक्षात फरशीला घाबरलेले असतात.

नव्या आलेल्यांची तपासणी डॉक्टर टेबलावर जाड टॉवेल अंथरून करतात. एका सकाळी मी शेजारी उभी होते. करड्या रंगाचा एक नर होता. कानांच्या कडांवर आणि नाकावर पांढरट, भाकरीच्या पापुद्र्यासारखे थर. खरूज. इंजेक्शनांनी ती बरी होते, पण घरच्यांनी कुठल्याशा कुत्र्यांच्या दुकानातून गोचिडांचं औषध आणून मानेवर टाकलं होतं. त्या औषधांपैकी फिप्रोनिल असलेली सशाला विषासमान असतात. हा वाचला. मग डॉक्टरांनी त्याचा ओठ वर केला. खालचे पुढचे दात वाकडे वाढून वरच्या हिरडीला टेकले होते. सशाचे अठ्ठावीसही दात जन्मभर वाढत राहतात. पुढचे तर आठवड्याला दोन-तीन मिलिमीटर. ते झिजतात फक्त गवताच्या धाग्याने, दिवसभर दळत राहिल्याने. या नराचा आहार होता पोळी, मारी बिस्किट आणि गाजर.

गाजराचं इथे बोलायलाच हवं, कारण मुलांच्या चित्रपुस्तकांतून ते आपल्या डोक्यात पक्कं बसलं आहे. गाजर म्हणजे सशासाठी मिठाई. आठवड्यातून एखादी चकती पुरे. सशाच्या खाण्यात ऐंशी टक्क्यांहून जास्त भाग वाळलेल्या गवताचा असावा लागतो. बाकी हिरवा पाला आणि थोडं तयार खाद्य. कारण त्याचं पोट वेगळ्या रीतीने चालतं. मोठ्या आतड्याच्या सुरुवातीशी असलेल्या मोठ्या पिशवीत जंतू धागा आंबवतात. त्यातून बनलेल्या मऊ, द्राक्षांच्या घडासारख्या गोळ्या ससा थेट गुदद्वारातून तोंडात घेऊन पुन्हा खातो. त्यातून त्याला प्रथिनं आणि ब जीवनसत्त्वं मिळतात. पहाटे हे बघून घरचे घाबरतात, किळसतात. पण हे थांबलं तर काळजी करायची असते. त्या जंतूंचं राज्य साखरेने आणि पिठाने उलथतं, वायू धरतो, आतडं थांबतं. ससा उलटी करू शकत नाही. दहा-बारा तास त्याने काहीच खाल्लं नाही, लेंड्या पडल्या नाहीत, तर सकाळपर्यंत थांबायचं नसतं; त्या रात्रीच डॉक्टर गाठायचा असतो.

आणि डॉक्टरही सशाचं जाणणारा. गाई-म्हशी, कुत्री बघणाऱ्या अनेक चांगल्या डॉक्टरांचा सशाशी संबंध येत नाही. तोंडातून दिलेलं अमॉक्सिसिलिनसारखं साधं प्रतिजैविक सशाच्या पोटातले जंतू मारून त्याचा जीव घेऊ शकतं. शस्त्रक्रियेआधी कुत्र्याला उपाशी ठेवतात तसं सशाला ठेवायचं नसतं. भुलीतून बाहेर आल्यावर तो किती लवकर खातो यावर सगळं असतं. मुंबई-पुण्यात सशांवर नीट उपचार करणारे डॉक्टर आज सापडतात. तालुक्याच्या गावी ससा न्यायचा असेल तर ताई आधी विचारतात, रात्री अकरा वाजता तुम्ही त्याला कुठे न्याल?

पाला आणि गवत यांची सोय मात्र महाराष्ट्रात जितकी सोपी तितकी क्वचित कुठे असेल. दुकानांत टिमथी गवताची परदेशी पाकिटं मिळतात, महाग असतात, आणि लोकांना वाटतं की तेच हवं. केंद्रात सुकवलेलं मारवेल आणि पवना येतं, गोठ्यांना चारा पुरवणाऱ्याकडून, पेंढ्या बांधून. कुसळी गवत मात्र ताई निवडून बाजूला काढायला लावतात. त्याची कुसळं हिरड्यांत आणि डोळ्यांत रुततात. लसूणघास पिल्लांना आणि दुभत्या माद्यांना चालतो, मोठ्यांना रोज नको, त्यात कॅल्शियम जास्त. कोथिंबीर, पुदिना, मुळ्याचा आणि गाजराचा पाला, आणि सगळ्यांत आवडती हरळी. गणपतीत देवळाबाहेर दूर्वांच्या जुड्या विकणाऱ्या एक आजी उरलेल्या जुड्या केंद्रासाठी बाजूला ठेवतात. त्या औषध न मारलेल्या बांधावरच्या असतात, याची ताईंनी खात्री करून घेतली आहे.

केंद्र कुणालाही ससा देण्याआधी त्याची नसबंदी करतं. काही लोकांना हे क्रूर वाटतं, आणि त्यांचं म्हणणं ताई शांतपणे ऐकून घेतात. मग त्या सांगतात की नसबंदी न झालेल्या, चार वर्षांपुढच्या माद्यांपैकी निम्म्याहून अधिक जणींना गर्भाशयाचा कर्करोग झाल्याचं अभ्यासांत आढळलं आहे. नराच्या बाबतीत पिचकारी, चढणं आणि मारामारी बहुतेक थांबते. महिना-दीड महिन्यात स्वभाव निवळतो. फोनवरच्या तक्रारीतली पाचातली चार कारणं इथे संपतात. केंद्रातून दत्तक घेणं आणि दुकानातून विकत घेणं यातला माझ्या मते सर्वांत मोठा फरक हाच आहे. केंद्रातला ससा चार महिन्यांच्या पुढचा असतो. तो नर की मादी हे माहीत असतं, दात बघितलेले असतात, नसबंदी झालेली असते. तो मुलांजवळ जातो की लांब बसतो, एकटा राहू शकतो की सोबत मागतो, हे कुणीतरी महिनोन्‌महिने बघून ठेवलेलं असतं. जो ससा पुढची आठ वर्षं घरात राहणार आहे तोच तुम्ही बघून नेता.

ससा घरात, माणसांत, मोकळा ठेवायचा ही कल्पना तशी अलीकडची. पाश्चात्त्य देशांतही शंभर वर्षं त्याची जागा परसातल्या खोक्यात होती. कॅलिफोर्नियात मॅरिनेल हॅरिमन या बाईंनी घरातल्या सशाविषयी १९८५ मध्ये पुस्तक लिहिलं आणि १९८८ मध्ये काही जणांनी मिळून हाउस रॅबिट सोसायटी काढली. निवाऱ्यांमध्ये मारले जाणारे ससे सोडवायचे, घरी ठेवून शिकवायचे, योग्य घरात द्यायचे. ससा मुळात बिळातला प्राणी असल्याने शौचाला ठरलेला कोपरा धरतो. नसबंदीनंतर त्या कोपऱ्यात गवत घातलेलं घमेलं ठेवलं की तो तिथेच जातो. एवढ्या एका निरीक्षणाने ससा घरात आला. ब्रिटनमध्ये १९९६ पासून काम करणारी रॅबिट वेल्फेअर असोसिएशन सांगते की दोन सशांना किमान तीन मीटर लांब, दोन मीटर रुंद आणि एक मीटर उंच जागा सदैव मोकळी हवी. कॅलिफोर्नियात १ जानेवारी २०१९ पासून दुकानांना फक्त निवाऱ्यांतून आणि बचाव संस्थांतून आलेले कुत्रे, मांजरं आणि ससेच ठेवता येतात. न्यूयॉर्क राज्यात डिसेंबर २०२४ पासून दुकानांतली या तिघांची विक्री बंद झाली. आपल्याकडे २०१८च्या नियमांनी पाळीव प्राण्यांच्या दुकानांना राज्य प्राणी कल्याण मंडळाकडे नोंदणी सक्तीची केली आहे. रस्त्याकडेच्या पिंजऱ्याजवळ उभं राहून नोंदणीचा कागद मागावा, एवढं तरी आपल्यापैकी प्रत्येकाला करता येईल.

दत्तक घ्यायला येणाऱ्यांशी ताईंचं बोलणं हा पाहण्यासारखा प्रकार असतो. त्या ससा लगेच दाखवत नाहीत. चहा देतात आणि विचारतात. घर भाड्याचं की स्वतःचं? मालकाला विचारलंय? सोसायटीत कुणाची हरकत? मे महिन्यात गावी जाता तेव्हा कोण बघेल? घरात कुणाला दमा? कुत्रा, मांजर? जमिनीलगत वायरी किती? मोबाइलच्या चार्जरची वायर ससा कातरीने कापावी तशी कापतो. फ्रिजची वायर कुरतडली तर जीव जातो. आणि मुलांचं वय काय? दहा वर्षांच्या आतलं मूल असेल तर ताई आईवडिलांकडे वळून सांगतात की ससा तुमचा असेल, मुलाचा नाही. घमेलं तुम्ही धुणार, रात्री तुम्ही उठणार. मूल जमिनीवर बसेल, ससा येईल तेव्हा येईल. उचलायचं नाही.

न उचलण्याचं कारण सशाच्या हाडांत आहे. त्याचा सांगाडा वजनाच्या जेमतेम सात-आठ टक्के असतो. मागचे पाय मात्र प्रचंड ताकदीचे. हवेत धरल्यावर त्याने जोरात लाथ झाडली तर त्याच्याच कण्याचा मणका मोडू शकतो. शिवाय वरून येणारा हात म्हणजे त्याच्या शरीराला घार. डोळे डोक्याच्या दोन बाजूंना, जवळजवळ सगळीकडचं दिसतं, पण नेमकं नाकासमोरचं दिसत नाही. म्हणून नाकापुढे बोट नेऊ नये. कपाळावर, दोन डोळ्यांच्या मध्ये, सावकाश हात फिरवावा.

एक तरुण कुटुंब मुलाच्या पाचव्या वाढदिवसासाठी आलं होतं. परवा हवा होता. ताईंनी नाही म्हटलं. वडील चिडले, पैसे देतोय तरी असं का, म्हणाले. ताईंनी त्यांना मुलासह रविवारी पाला निवडायला यायचं आमंत्रण दिलं. ते आले नाहीत. दुकानातून आणला असेल कदाचित. ताई त्यावर काही बोलल्या नाहीत, पण त्या दिवशी घमेली घासताना त्यांचा हात जड पडत होता.

निवृत्त झालेलं एक जोडपं मात्र येत राहिलं. दोघेही शिक्षक होते, मुलगी बंगळूरला. त्यांना पिल्लू नकोच होतं. आमच्या वयाला झेपेल असा द्या, असं आजी म्हणाल्या. ताईंनी त्यांना बर्फी दाखवली. पाच वर्षांची पांढरी मादी, मान डावीकडे कायमची कललेली. सशांच्या मेंदूला आणि मूत्रपिंडाला धरणाऱ्या एका सूक्ष्म परजीवीमुळे किंवा कानाच्या आतल्या संसर्गाने अशी मान वाकते. औषधांनी बर्फीचं गडगडणं थांबलं होतं, मान मात्र तशीच राहिली. ती खायची, धावायची, वळणावर जराशी लडखडायची. बघायला येणारे तिला बघून पुढे जात. आजोबा तिच्या कुंपणात जमिनीवर जाऊन बसले. गुडघे दुखत असताना बसले, पेपर वाचत राहिले. तिसऱ्या-चौथ्या भेटीत बर्फीने त्यांच्या चपलेवर हनुवटी घासली. हनुवटीखालच्या ग्रंथींचा वास लावून ससा वस्तू आपली म्हणून नोंदवतो.

घरभेटीला मी ताईंबरोबर गेले. हॉलमध्ये फर्निचर भिंतीला सरकवून सतरंज्या घातल्या होत्या, वायरी प्लास्टिकच्या नळीतून नेल्या होत्या. उन्हाळ्यासाठी गॅलरीला वाळ्याचे पडदे, आणि पाण्याच्या बाटल्या गोठवून कापडात गुंडाळून ठेवायची सोय. करार दोन पानांचा. त्यात एक कलम ताई मोठ्याने वाचून दाखवतात: काही कारणाने सांभाळणं जमलं नाही, तर ससा दुसऱ्या कुणाला न देता, न विकता, न सोडता इथेच परत आणायचा, आणि तेव्हा कुणी तुम्हाला बोलणार नाही.

पहिल्या रात्री बर्फी कपाटामागे गेली आणि तिथेच राहिली. आजींनी ताईंना फोन करकरून विचारलं. ताई म्हणायच्या, लेंड्या पडताहेत ना? गवत संपतंय ना? मग राहू द्या. पुढे एकदा तिची लघवी विटकरी रंगाची दिसली आणि दोघे रिक्षाने डॉक्टरकडे धावले. पाल्यातल्या रंगद्रव्याने तसं होतं हे तिथे कळलं. एकदा ती धाडकन कुशीवर पडली म्हणून आजींचं काळीज थांबलं. पूर्ण निर्धास्त झाला की ससा असाच आडवा होतो. काही आठवड्यांनी, संध्याकाळच्या बातम्यांच्या वेळी, ती हॉलच्या मधोमध उंच उडाली, हवेत अंग मुरडलं, आणि वाकड्या मानेने तिरकी खाली आली. आजोबांनी हा प्रसंग मला फोनवर सांगितला. सांगताना त्यांचा आवाज मुलीचा निकाल सांगणाऱ्या बापाचा होता.

वेदना लपवणं हा शिकार होणाऱ्या प्राण्याचा स्वभाव. २०१२ मध्ये शास्त्रज्ञांनी सशाच्या चेहऱ्यावरून दुखणं ओळखण्याची मोजपट्टी तयार केली: डोळे किती मिटलेत, गाल किती चपटे झालेत, नाकपुड्यांचा आकार, मिशांची आणि कानांची ठेवण. ताई ती चित्रं घेऊन जाणाऱ्या प्रत्येकाला छापून देतात. दात हलके घासण्याचा आवाज म्हणजे समाधान, आणि मोठा करकर आवाज म्हणजे वेदना. हा फरकही त्या समोर बसवून ऐकवतात.

श्रावणात आजी-आजोबांनी दुसऱ्या सशाची चौकशी केली. ससा जोडीने राहणारा प्राणी, आणि नसबंदी झालेला नर व मादी ही जोडी सहसा सर्वांत चांगली जमते. पण कुणाबरोबर, ते ससाच ठरवतो. नराची नसबंदी झाली तरी पुढचे काही आठवडे तो गर्भधारणा करू शकतो, त्यामुळे तेवढी वाट पाहावी लागते. गाठ घालायची ती दोघांच्याही मालकीच्या नसलेल्या जागी. केंद्राने त्यासाठी ऑफिसची पडवी ठेवली आहे. पहिल्या नराने बर्फीच्या पाठीचे केस उपटले. दुसऱ्याकडे तिने बघितलंही नाही. तिसरा तोच खरजेतून उठलेला करडा नर, आता गुळगुळीत अंगाचा, ढब्बू. दोघं पडवीच्या दोन टोकांना बसून राहिली. मग ढब्बूने पाठलाग केला, ती वळून त्याच्या अंगावर गेली, तो मागे हटला. बऱ्याच वेळाने त्याने तिच्यापुढे मान खाली घातली आणि तिने त्याचं कपाळ चाटलं. ताईंनी हातातला टॉवेल बाजूला ठेवला. त्यानंतरही दोघांना एकत्र घरी पाठवलं ते बऱ्याच भेटींनंतर, एकाच टोपलीत, एकाच गवतावर.

आता दिवाळी. फटाक्याच्या आवाजाने ससा जिवाच्या आकांताने धावतो, भिंतीवर आदळतो. काही ससे जागच्या जागी थिजून बसतात, खाणं सोडतात, आणि आतडं थांबतं. या चार दिवसांत आजी-आजोबा बंगळूरला जाणार नाहीत, मुलगीच इकडे येणार आहे. रस्त्याच्या उलट बाजूची खोली, बंद खिडक्या, जाड पडदे, मंद लावलेला रेडिओ, पुठ्ठ्याच्या खोक्यांची दोन तोंडांची बिळं आणि नेहमीपेक्षा जास्त गवत अशी तयारी झाली आहे. केंद्रातही सशांच्या खोलीला या दिवसांत रात्रपाळी लागते.

वसुबारसेपासून तुळशीच्या लग्नापर्यंत ताई कुणालाही ससा देत नाहीत, भेट म्हणून तर नाहीच. त्यानंतर दत्तक देणं पुन्हा सुरू होतं. तेव्हा जाणाऱ्यांनी घराच्या पत्त्याचा पुरावा, भाड्याचं घर असेल तर मालकाचं पत्र, खोल्यांचे जमिनीपर्यंत दिसतील असे फोटो, जवळच्या डॉक्टरांचं नाव आणि घरातली सगळी माणसं बरोबर न्यावीत. एखादं माणूस आलेलं नसलं तर ताई पुढची तारीख देतात.